गावातल्या मुलीने शहरातल्या घरांवर पीएचडी करावी का?

अडाणकाठची

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आमचं गाव. एमए अर्थशास्त्र झालं, नेट झाली, सोबत जेआरएफही (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली. आता पीएचडीसाठी विषय द्यायचा आहे. माझ्या मनात शहरातली घरं हा विषय आहे. घरभाडं, खोल्या, सरकारी गृहनिर्माण योजना, कोणाला काय परवडतं आणि परवडतं की नाही हे ठरवतं कोण. एमएच्या प्रोजेक्टला मी आमच्या तालुक्यातून नागपुरात शिकायला गेलेल्या मुलांच्या किरायाचा हिशेब केला होता, तिथून हे डोक्यात बसलं.

घरी विरोध नाही, पण उत्साहही नाही. बाबा म्हणतात, "घर बांधाचं त मिस्त्री पाह्य, त्याच्यावर पाच वर्षं लिहाले काय हाये?" मामाचं म्हणणं, तलाठ्याच्या जागा निघतील, तो अभ्यास कर. आणि ज्या सरांकडे मार्गदर्शक व्हाल का म्हणून विचारायला गेले ते म्हणाले, "तू ग्रामीण भागातली आहेस, ग्रामीण विषय घे. बचत गट, पीकविमा, असं काही. शहरी गृहनिर्माण हा मुंबई-पुण्याच्या मुलांचा विषय." हे मला जास्त लागलं.

तर या विषयात पुढे पोटापाण्याचं काय? अर्थशास्त्रातूनच करू की नियोजनाकडे वळू? आणि सर म्हणतात त्यात तथ्य आहे का?

तर्रीपोहे

पीएचडी झाल्यावर आमचं नाव घरकुलाच्या ड यादीत घालता येत असेल तर माझा जाहीर पाठिंबा.

रोखठोक_अकोला

स्पष्ट बोलतो, राग नको. या देशात घरांवरचे अहवाल कमी नाहीत, घरं कमी आहेत. समित्या बसल्या, उठल्या, चहापाणी झालं. त्यापेक्षा तलाठी हो, चार लोकांचे फेरफार वेळेत कर, जास्त पुण्य लागेल. गरिबांच्या घरांवर संशोधन करणारे सगळे स्वतः फ्लॅटमध्ये राहतात हे पाहून ठेव.

तर्रीपोहे

@रोखठोक, मग काय पाल ठोकून बसाव त्यायनं?

तासिकावीर

ताई, मी समाजशास्त्रात पीएचडी, पश्चिम विदर्भातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. तेव्हा पोटापाण्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं समजतो.

जेआरएफ म्हणजे पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्तीला) ४२ हजार, घरभाडे भत्ता वेगळा. तुला विद्यार्थिनी असताना जे मिळेल ते मला प्राध्यापक म्हणवून घेताना मिळत नाही. तासिकेचे पैसे येतात ते सत्र संपल्यावर, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. कायम जागेची मुलाखत द्यायला गेलो तर संस्थेचा माणूस आधी पदवी विचारत नाही, "तयारी किती आहे" ते विचारतो. ही तयारी अभ्यासाची नसते, हे इथल्यांना सांगायला नको.

म्हणून माझं मत असं, की पाच वर्षं पगार मिळवत वाचायला मिळतंय तर घे. पण पीएचडी झाली की गावाजवळच्या अनुदानित महाविद्यालयात लागेन, या हिशेबाने घेऊ नको. तो हिशेब आमच्या पिढीने केला, आणि जुळला नाही. तुझा विषय उलट बरा, कारण त्याला महाविद्यालयाबाहेर गिऱ्हाईक आहे. माझा विषय ग्रामीण नेतृत्व. त्याला गिऱ्हाईक फक्त निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस.

बाकी जेआरएफचे पैसे दर महिन्याला येतातच असं नाही. सहा महिने मागेपुढे होतात. तेवढी सोय करून ठेव.

कवेलू

तलाठी आणि पीएचडी दोन्ही होऊ शकतं. आमच्या ओळखीत एक ग्रामसेवक आहेत, बाहेरून पीएचडी करतायत, विषय ग्रामसभा. गावातली ग्रामसभा मात्र त्यांच्या प्रबंधात होते तेवढीच.

पंचायत_समितीवाला

मी तालुक्याला गृहनिर्माण अभियंता आहे, कंत्राटी. म्हणजे घरकुलांचे आखणीपासून स्लॅबपर्यंतचे फोटो काढणारा माणूस. @तर्रीपोहे, ड यादीत नाव घालणं माझ्या हातात असतं तर मी कंत्राटी राहिलो असतो का?

सरांच्या बोलण्याबद्दल. ग्रामीण विषय घ्यायचाच तर घरकुलही घरच आहे. प्रधानमंत्री आवास ग्रामीण २०१६ पासून आहे, त्याआधी इंदिरा आवास होती. सपाट भागात १ लाख २० हजार, गडचिरोलीसारख्या भागात १ लाख ३० हजार. वर रोजगार हमीतून नव्वद-पंचाण्णव दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. किमान २५ चौरस मीटर बांधायचं. या पैशात काय होतं? जोता येतो, भिंती येतात, आणि स्लॅबच्या वेळी लोहा आणि सिमेंटपाशी गाडी अडते. लोक तिथे बचत गटातून उचलतात, नाहीतर सोयाबीन निघेपर्यंत टिनपत्रे टाकून राहतात. आम्ही फोटो मारतो तो 'पूर्ण'चा. त्या फोटोत दार असतं, पण दारामागे फरशी असेलच असं नाही.

आणि सगळ्यात मोठी भानगड पैशाची नाहीच, जागेची आहे. ज्याला खरी गरज आहे त्याच्या नावाने नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा मालमत्तेचा उतारा, नाही. तीस वर्षं गावठाणाच्या कडेला राहतो, पण ते अतिक्रमण. जागा विकत घ्यायला मदत देणारी दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, पण गावात कोणी तुकडा विकायला तयार पाहिजे ना! मग यादीत वरचा माणूस मागे राहतो आणि ज्याच्याकडे जागा आहे त्याचं घर होतं. यावर कोणी नीट लिहिलं तर मी स्वतः छापील प्रत विकत घेईन.

रोखठोक_अकोला

बघा, हे अभियंता साहेबांना पीएचडी न करता कळतं. माझा मुद्दा हाच होता.

मूळचा_मोर्शीचा

@रोखठोक, साहेबांना त्यांच्या तालुक्यातलं कळतं. बाकी तालुक्यांत हेच आहे का, जागा नसल्यामुळे किती टक्के मागे राहिले, हे वरच्या माणसाला आकड्यात दाखवल्याशिवाय नियम बदलत नाही. संशोधन त्यासाठी लागतं.

मी अमेरिकेत नगर नियोजन विभागात काम करतो, संत्र्याच्या बागेतून इथे आलोय. इथे हा विषय चांगलाच रुजलेला आहे: अर्थशास्त्र, नियोजन, समाजशास्त्र, कायदा, सार्वजनिक आरोग्य, सगळीकडे घरांवर काम करणारे लोक आहेत. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त घरावर गेलं तर परवडत नाही, ही फूटपट्टी तुम्ही वाचली असेल. ती काही शास्त्राने सिद्ध केलेली नाही. १९६९ साली इथल्या संसदेने सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं, १९८१ मध्ये ते ३० केलं, आणि पुढे जगभर तोच आकडा फिरू लागला. आपल्याकडे दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने २००८ मध्ये ३० ते ४० टक्के धरला.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचं काम जरूर वाचा. १९९० च्या दशकात पाच शहरांत काही गरीब कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी मदत दिली होती. कितीतरी वर्षांनी त्यांनी तपासलं, तर तेरा वर्षांच्या आत जी मुलं तिकडे गेली त्यांची मोठेपणीची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. मोठ्या मुलांना तसा फायदा झाला नाही. घराचा पत्ता बदलून पोराचं आयुष्य बदलतं का, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर आधी कोणी दिलं नव्हतं.

वैनगंगा

पत्ता बदलून आयुष्य बदलतं, हे आम्हाला विचारा. आमचं गाव गोसीखुर्दच्या बुडितात गेलं. धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा मी शाळेत पण नव्हतो. नव्या गावठाणात एका रेषेत प्लॉट, पंचवीस फुटी रस्ते, नाली, शाळा, सगळं कागदावर बरोबर. पण गोठ्याला जागा नाही, तणसाची गंजी लावायला जागा नाही. आखणाऱ्याने घर म्हणजे माणसं झोपतात तेवढं असं धरलं. मग लोकांनी रस्त्यावरच खुंटे ठोकले, आणि पुढे त्यालाच अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या.

धाग्याच्या विषयाला सोडून झालं असेल तर माफी.

कवेलू

सोडून कुठे? अगदी धरून आहे.

आमच्याकडे आजी अजून जुन्या घरात झोपते, शेजारी बांधलेल्या घरकुलात नाही. मे महिन्यात चंद्रपूरकडे ४५-४६ डिग्री होतं तेव्हा स्लॅबखाली रात्री बारापर्यंत पाठ टेकवत नाही. कुडाच्या भिंतीला शेण-मातीचा लेप, वर कवेलू, कवेलूखाली बांबू. त्या घरात पंखा नसला तरी चालतं. पण यादीत ते 'कच्चं'. कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही ही वेगळी अडचण, माकडं एका दुपारी अर्धं छप्पर खाली आणतात.

तर्रीपोहे

माकडांवर पण एक प्रकरण पाहिजे प्रबंधात.

नियोजन_मास्तर

धागा रंगला आहे. मी एका नियोजन संस्थेत शिकवतो, थोडं विस्ताराने लिहितो.

आधी शाखेचा प्रश्न. अर्थशास्त्र सोडू नका. या विषयात आकडे हाताळणारे कमी आणि बोलणारे जास्त आहेत. पण एकट्या अर्थशास्त्राने भागत नाही, जमीन आणि कायदा कळायला हवा. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, कमाल नागरी जमीनधारणा कायदा १९७६ ला आला आणि आपल्या राज्याने तो २००७ ला काढला, झोपडपट्टी पुनर्वसन १९९५ नंतर बिल्डरच्या हाती गेलं. हे माहीत नसताना कोणी नुसता मागणी-पुरवठ्याचा आलेख काढला तर तो हवेत राहतो. टिस, आयआयटी मुंबई, अहमदाबादचं सेप्ट, बंगळुरूचं आयआयएचएस, पुण्याचं गोखले, अशा ठिकाणी या विषयाची माणसं आहेत. नागपुरात व्हीएनआयटीला वास्तुकला व नियोजन विभाग आहे. सहमार्गदर्शक बाहेरचा मिळतो का ते पाहा.

आता रोखठोक यांचा मुद्दा, की घरं कमी आहेत. २०१२ साली अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने शहरी घरांचा तुटवडा १ कोटी ८७ लाख ८० हजार काढला. त्यातले अजिबात घर नसलेले ५ लाख ३० हजार. सगळ्यात मोठा भाग, जवळजवळ दीड कोटी, हा दाटीवाटीचा: घर आहे, पण एका खोलीत दोन-दोन संसार. आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या जनगणनेत शहरांत १ कोटी १० लाख घरं कुलूपबंद, रिकामी. म्हणजे दोन्ही आहे, घरं नाहीत आणि घरं पडून आहेत. तर मग नुसती घरं बांधून काय होणार? भाड्याने का देत नाहीत, कोणाला देत नाहीत, हे विचारावं लागतं.

आणि चिठ्ठ्यांचा प्रयोग अमेरिकेतच झाला असं नाही. अहमदाबादेत झोपडपट्टीतल्या कुटुंबांना सोडतीने शहराच्या कडेला चांगली घरं दिली. १४ वर्षांनी संशोधकांनी शोध घेतला तर सोडत लागलेल्यांपैकी ३४ टक्के लोक तिथे राहायला गेलेच नव्हते, ३२ टक्के जाऊन निघून आले होते. घर चांगलं, पण काम लांब, नातलग लांब, उसने पैसे देणारा शेजारी लांब. वैनगंगा यांनी सांगितलेलं आणि हे एकाच जातीचं दुखणं आहे. मुंबईत म्हाडाच्या सोडतींवरही असा अभ्यास झालाय, तिथे निकाल बरा निघाला, घर लागलेल्यांच्या मुलांचं शिक्षण पुढे गेलं. ज्या सोडतीवर आपण नशीब आजमावतो ती संशोधकाला आयती प्रयोगशाळा असते.

नोकऱ्यांबद्दल तासिकावीर म्हणतात ते खरं, पण अर्धं. विद्यापीठाबाहेर धोरण संस्था, गृहवित्त कंपन्या, महापालिकांचे सल्लागार, स्वयंसेवी संस्था अशा वाटा आहेत. पगार विद्यापीठापेक्षा कमी-जास्त, कंत्राट दोन-तीन वर्षांचं. स्थैर्य हवं असेल तर मामांचं ऐका. मी चेष्टा करत नाही.

मानेवाडा_रोड

मी नागपूरचा घरमालक. इथे घरमालक म्हटलं की राक्षस समजतात, म्हणून दोन शब्द.

आमचा प्लॉट १९०० लेआउटातला. बाहेरच्यांना सांगतो, नागपुरात ५७२ आणि १९०० हे आकडे म्हटले की सगळ्यांना कळतं, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) मंजुरीशिवाय पडलेले लेआउट. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात ते नियमित करायला घेतले. डिमांड भरली, कागद दिले, आरएल (नियमितीकरणाचं पत्र) मिळायला वर्षं गेली. तोपर्यंत बँक कर्ज देत नव्हती. वरच्या दोन खोल्या निवृत्तीच्या पैशातून बांधल्या आणि पोरांना किरायाने देतो. मालमत्ता कर माझा, मोटर जळली तर माझी, पोट्टे रात्री दोन वाजता गच्चीवर वाढदिवस करतात तेही मीच ऐकायचं. कुलूपबंद घरं का राहतात विचारता? किरायदार निघाला नाही तर कोर्टात माझी हयात जाईल, म्हणून. पेपरात २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा वाचला. पण आदर्श किरायदार कुठे मिळतो?

तरी अडाणकाठची यांनी हा विषय घ्यावा. पण घरमालकाचाही हिशेब विचारावा. कोणी विचारत नाही.

वाघोलीकर_मूळ_पुसद

@मानेवाडा काका, तुमच्यासारखे घरमालक पुण्यात मिळाले असते तर आम्ही वाढदिवस हळू आवाजात केले असते.

सरांच्या बोलण्याचा मला राग आलाय. शहरी घर हा पुण्याच्या मुलांचा विषय? पुण्याच्या मुलाला आईबापाचं घर असतं हो! भाडं भरतो तो पुसद, रिसोड, देऊळगाव राजाचा मुलगा. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. खोलीत सहा कॉट, कॉटखाली ट्रंक, भिंतीला नकाशा, आणि मालकाची अट अशी, की गावाकडून कोणी आलं तर रात्री मुक्काम नाही. वडील कागदपत्र घेऊन आले तेव्हा स्वारगेटच्या स्टँडवर झोपले.

ऋणमोचन

गावाकडून आलेल्या माणसाला शहरात रात्र काढायला जागा लागते, हे आपल्याकडे सगळ्यात आधी गाडगेबाबांना कळलं होतं. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. दादरच्या धर्मशाळेत आजही टाटाला कॅन्सरच्या उपचारासाठी आलेले पेशंट आणि नातेवाईक राहतात. माझ्या काकूच्या वेळी आम्ही तिथेच होतो. मुंबईत हॉटेलचा किराया द्यावा लागला असता तर उपचार पहिल्या महिन्यातच सोडावे लागले असते. ताई, शहर कोणाला परवडतं हे लिहाल तेव्हा कायम राहणाऱ्यांसोबत या लोकांचंही लिहा.

अडाणकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

वाघोलीकर यांच्या पोस्टवरून सांगते. माझा भाऊ पुण्यात आहे, स्पर्धा परीक्षा. बाबांची एक लांबोडकी वही आहे, दुकानदार ठेवतात तशी. परवा ती उघडून बसले. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक. डावीकडे पानभर ओळी नाहीतच: कापूस सीसीआय, तूर, सोयाबीन, एकदा बैल विकल्याचे, एकदा पीकविम्याचे. उजवीकडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला एक ओळ ठरलेली, 'पुणे खोली ३५००'. पेनाची शाई बदलते, ओळ बदलत नाही. ज्या महिन्यात डावं पान कोरं, त्या महिन्यात त्याच ओळीपुढे कंसात कोणाकडून घेतले त्याचं नाव.

वर्षाचे झाले ४२ हजार. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर कापूस नुसता कॉटला, मेस वेगळी. आमच्या कोरडवाहू एकराला चार-पाच क्विंटल आले तर बरं पीक म्हणतात. त्यातून बियाणं, फवारणी, वेचाई जायचीच आहे.

मग ३० टक्क्यांची फूटपट्टी लावायची कशाला? भावाचं उत्पन्न शून्य. बाबांचं उत्पन्न महिन्याचं नाही, वर्षाचं, आणि काही वर्षी उणे. मला इथेच अडकायला होतंय.

नियोजन_मास्तर

अहो, तुम्ही अडकलेल्या नाहीत, तुम्हाला विषय सापडलाय.

राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे लोक. तुमचा भाऊ पुण्यात मेसला जेवतो, म्हणून तो पुण्यातलं कुटुंब. बाबा दारव्ह्यातलं कुटुंब. भाडं मोजलं जातं पुण्यात, ते भागवणारं उत्पन्न मोजलं जातं यवतमाळ जिल्ह्यात, आणि दोन्ही आकडे एका ओळीत कधी येतच नाहीत. शहरातून गावाकडे येणाऱ्या पैशावर ढीगभर लिहिलं गेलंय, गावातून शहराच्या घरमालकाकडे जाणाऱ्या पैशावर त्या मानाने फारच कमी. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला तुमच्या बाबांची वही कोण दाखवणार? शंभर-दीडशे घरांच्या अशा वह्या गोळा करता आल्या तर ते काम कोणीही हलकं म्हणणार नाही. वही नसेल तिथे आठवणीतून, पीकपाण्याच्या तारखांना धरून विचारा, लोकांना महिने आठवत नाहीत, पण कापूस कधी विकला ते आठवतं.

मूळचा_मोर्शीचा

+१. आणि हे लवकर करा. २०११ नंतर जनगणना थेट २०२७ ची. मधली दीड दशकं सगळे अंदाजावर बोलतायत.

रोखठोक_अकोला

हा हिशेब मात्र मी पण करून पाहिला. माझा मुलगा हिंजवडीला. आकडा इथे लिहीत नाही, बायको हे संस्थळ वाचते.

मत बदललं नाही, पण तलाठ्याच्या परीक्षेचा आग्रह मागे.

तर्रीपोहे

ऐतिहासिक क्षण. कोणीतरी स्क्रीनशॉट काढा.

सायली_वाशिम

मुलींचं कोणी बोलत नाहीये म्हणून. मुलाला कॉट बेसिस चालते. मुलीसाठी आईबाबा तीच पाहत नाहीत. मग हॉस्टेल, नाहीतर जास्त किराया, नाहीतर "यवतमाळलाच कर काय करायचं ते". माझ्या दोन मैत्रिणींचं पुणे याच कारणाने राहिलं, फी भरायची तयारी होती, सुरक्षित खोली परवडली नाही. तुझ्या पाहणीत जे गेले त्यांचीच वही येईल. ज्या गेल्याच नाहीत त्यांची ओळ कुठे येणार?

नियोजन_मास्तर

@सायली, हे फार महत्त्वाचं. जी मुलं-मुली गेलीच नाहीत त्यांची घरंही त्याच गावांतून निवडायला हवीत, नाहीतर अर्धंच चित्र.

तासिकावीर

आणि एक व्यवहाराचं. मार्गदर्शकाकडे जागा शिल्लक आहे का ते आधी लेखी घे. आमच्याकडे "बघू, येत राहा" यातच दोन वर्षं जातात, आणि जेआरएफच्या पत्राला मुदत असते. सर चांगले असतील, पण विषय त्यांना पटला नसेल तर पुढची पाच वर्षं रोज पटवून देत बसशील.

घरभाडे भत्त्याचंही पाहून ठेव. केंद्राच्या हिशेबात पुणे-मुंबई एक्स वर्गात, नागपूर-अमरावती वाय, आणि यवतमाळ-वाशिम-चंद्रपूर झेड. संशोधन केंद्र कुठलं घेतेस त्यावर तुझा स्वतःचा किराया ठरेल.

अडाणकाठची

@सायली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी स्वतः यवतमाळला शिकलेली. प्रश्नावलीत घेते.

@तासिकावीर दादा, दुसऱ्या विद्यापीठात एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे एक जागा आहे असं आज कळलं. त्या कृषी अर्थशास्त्राच्या. त्यांना वहीचा फोटो पाठवला, तर त्यांनी गृहनिर्माणाचं काहीच विचारलं नाही, "हे हातउसने घेतलेले पैसे व्याजाचे की बिनव्याजी?" एवढंच विचारलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, नावानावावर आहे. सोमवारी भेटायला बोलावलंय. मानेवाडा काका, नागपूरला आले की तुमचाही हिशेब घेणार, तयार ठेवा.

मानेवाडा_रोड

१९९४ पासूनच्या सगळ्या पावत्या आहेत. ये. चहा मिळेल, गच्ची मिळणार नाही.

नवीन_सदस्य_४४

नमस्कार, धागा वाचला नाही पण घरकुलाची माहिती इथे मिळते असं कळलं. आमच्या वडिलांचं नाव यादीत आहे, पहिला हप्ता आला, दुसरा येत नाही. काय करावं?

पंचायत_समितीवाला

जोत्यापर्यंत बांधकाम झालं का? झालं असेल तर जिओटॅगचा फोटो चढला का ते आधी पाहा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना? गाव-तालुका मला व्यक्तिगत निरोपात कळवा, इथे टाकू नका.

तर्रीपोहे

अभियंता साहेब, माझं पण पाहता का, ड यादी...